पीएच.डी. झाली, तरी पोरगी अजून शिकतेच काय?

प्रश्न: ताई, नमस्कार. आमची चार एकर कोरडवाहू आहे, कापूस अन् तूर. मोठ्या पोरीनं नागपुरात राहून जेनेटिक्समध्ये पीएच.डी. केली. सध्या तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. आता तिला परदेशातल्या एका विद्यापीठात फॉरेन्सिक जेनेटिक्स अन् बायोइन्फॉर्मेटिक्सची पोस्टडॉकची जागा मिळून राहिली, दोन वर्षांची. घरचे म्हणतात, पीएच.डी. झाल्यावर पुन्हा कायचं शिक्षण? तिची आजी म्हणते, मुर्दे चिरायचं काम असंल तर पोरीला पाठवू नका. दोन वर्षांनी तिनं काय करावं? अन् ह्याच्यासाठी एखादा एकर विकावा लागंल काय?
– एक बाप, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर: भाऊ, आजीला आधी सांगा की मुर्दे चिरायचं काम नाही. शवविच्छेदन डॉक्टर करतात. डीएनए प्रयोगशाळेत येतं ते सीलबंद पाकीट. त्यात रक्ताचा डाग पडलेलं कापड, केस, दात, कधी हाडाचा तुकडा. आणि जागेच्या नावात बायोइन्फॉर्मेटिक्स आहे, म्हणजे तुमची मुलगी बहुतेक वेळ त्या नमुन्यांतून निघालेली माहिती घेऊन कॉम्प्युटरपुढे बसलेली असेल.

मी निवृत्त होईपर्यंत डीएनए विभागातच होते, म्हणून हे काम काय असतं ते जरा सविस्तर सांगते. समजा, एका खुनात विळा जप्त झाला. मुठीला तिघांचे हात लागलेले आहेत: घरधनी, निंदणाला येणारी बाई आणि वार करणारा. मुठीवरचा डीएनए यंत्रात चालवला की पडद्यावर एका आडव्या रेषेवर शिखरं उमटतात. नमुना एकाच माणसाचा असेल तर डीएनएवर तपासल्या जाणाऱ्या प्रत्येक ठिकाणी एक किंवा दोन शिखरं दिसतात. इथं चार-पाच दिसतात. काही उंच, काही इतकी बुटकी की ती खरी आहेत की प्रक्रियेतून आलेली, हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही. डीएनए अगदी थोडा असला तर एखाद्याचं शिखर उमटतच नाही. आमच्या काळी अशा कितीतरी नमुन्यांवर ‘मिश्र नमुना, अभिप्राय देता येत नाही’ असं लिहून पाकीट परत जायचं, आणि पाकिटामागं कुणाची तरी लेक किंवा कुणाचा तरी मुलगा असायचा.

आता यासाठी एसटीआरमिक्स, युरोफॉरमिक्स अशा गणिती प्रणाली आहेत. संशयिताचा डीएनए त्यात आहे असं धरलं तर ही शिखरं दिसण्याची शक्यता किती, आणि नाही असं धरलं तर किती, यांचं गुणोत्तर त्या काढतात. पुरावा किती वजनाचा, हे त्यावरून कोर्टापुढं ठेवता येतं. या प्रणाली तपासणं, सुधारणं, नव्या यंत्रांच्या माहितीशी जुळवणं हे पोस्टडॉकचं, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या जागेवरचं, काम असू शकतं.

आणि इथंच मला तुमच्या मुलीनं जावंसं वाटतं. प्रत्येक शिखर एका आकड्यानं लिहितात. ‘जुळलं’ म्हणजे नेमकं किती जुळलं, हे त्या त्या समाजात कुठला आकडा किती जणांत आढळतो यावर ठरतं. आपल्याकडं लग्नं पिढ्यान् पिढ्या जातीत, जमातीत होतात. कोलाम, कोरकू, माडिया यांच्यासारख्या लहान जमातींत काही आकडे इतरांपेक्षा जास्त लोकांत सापडू शकतात. दुसऱ्याच लोकांचे तक्ते तिथं लावले तर पुरावा आहे त्यापेक्षा भक्कम दिसतो, आणि एखादा निर्दोष माणूस अडकतो. सख्खे भाऊ घ्या. एका ठिकाणचे दोन्ही आकडे दोघांत तेच असण्याची शक्यता चारात एक तरी असते. वाय गुणसूत्र तर बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. त्यामुळं केवळ वायच्या जुळणीवर बोट ठेवलं तर ते सगळ्या भावकीवर जातं. हे ज्याला भावकी म्हणजे काय ते घरातून माहीत आहे, त्याच्या चटकन ध्यानात येतं. मात्र गावात जाऊन नमुने घ्यायचे असतील तर ते कशासाठी, कुठं ठेवणार, किती वर्षं, हे लोकांना त्यांच्या बोलीत सांगून, त्यांनी हो म्हटल्यावरच घ्यावेत. ही अट तिनं कुठंही सोडू नये.

या विद्येची सुरुवात इंग्लंडमधल्या लेस्टरची. अॅलेक जेफ्रीज यांना १९८४ मध्ये डीएनए ठशांची पद्धत सापडली. गुन्ह्याच्या तपासात ती प्रथम वापरली गेली ती तिथल्या दोन मुलींच्या खुनांत, तेव्हा कबुली देऊन बसलेला १७ वर्षांचा मुलगा त्यातून निर्दोष सुटला. खरा गुन्हेगार नंतर सापडला आणि १९८८ मध्ये त्याला शिक्षा झाली. भारतात हे तंत्र हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत लालजी सिंग यांनी उभं केलं.

आता घरच्यांचा प्रश्न. पोस्टडॉक ही परीक्षा-पदवी नसलेली, ठरावीक मुदतीची पगारी संशोधनाची नोकरी आहे. आपल्याकडे तशाच कामाला बहुतेक ठिकाणी रिसर्च असोसिएट म्हणतात. जानेवारी २०२३ पासूनच्या केंद्राच्या दरानं पहिल्या पायरीला महिना ५८,००० रुपये, वर घरभाडं. तासिकेच्या मानधनाशी तुम्हीच ताडून पाहा.

दोन वर्षांनंतरची हमी कुणी देत नाही, तेही स्पष्ट सांगते. पण काम वाढणार आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेत सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जायचं आहे, आणि त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. पुरावे वाढले की ते वाचणारी माणसंही लागतील. पुढं वन्यजीवांचं कामही आहे. वाघानं माणूस मारला तर जखमेवरची लाळ घेऊन कुठला वाघ ते ठरवता येतं, आणि आपल्या यवतमाळ-चंद्रपूरला त्याची गरज काय, ते तुम्हाला सांगायला नको.

हो म्हणण्याआधी तिनं तिथल्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांना विचारावं की काम प्रत्यक्ष खटल्यांच्या नमुन्यांवर आहे की संशोधनासाठी गोळा केलेल्या. खटल्यांची माहिती छापता येईलच असं नाही, आणि दोन वर्षांत एकही शोधनिबंध निघाला नाही तर पुढची जागा अवघड जाते. आधी तिथं काम केलेले आज कुठं आहेत, तेही विचारावं. निघण्यापूर्वी लिनक्स ही कॉम्प्युटरची प्रणाली आणि आर, पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषा यांवर हात बसवावा. ते घरी बसून, जुन्या लॅपटॉपवरही जमतं.

एकर विकू नका. खऱ्या पोस्टडॉकला फी नसते. नोंदणीचे, अनामतीचे पैसे आधी भरा असं कुणी म्हणत असेल तर ती जागा खोटी समजा. तिकीट आणि व्हिसाचा खर्च मात्र आधी खिशातून जाऊ शकतो. काही विद्यापीठं तो नंतर परत देतात. तिचं विद्यापीठ देतं का, आणि पहिला पगार कधी, हे तिनं नेमणूकपत्र घेण्याआधी ई-मेलवर लेखी मागून घ्यावं.