दोघांसाठी जुनी गाडी घेताना

वहिनींना घेऊन फिरायला जुनी मोटारसायकल घ्यायची म्हणतोस ना, मग इंजिनच्या सीसीच्या आधी मागची सीट बघ. त्यांना सोबत घेऊन जा आणि त्र्यंबक रस्त्याला निदान अर्धा तास मागे बसव. त्यांचे गुडघे अवघडले, तर ती गाडी कितीही देखणी असो, सोडून दे. माझ्या मते तुझ्या बजेटात बजाजची जुनी अ‍ॅव्हेंजर २२० बघायला हरकत नाही. सीट खाली, मागे पाठीला टेकण लावता येतं. एकट्याला डोंगर हिंडायचे असते तर रॉयल एनफिल्डची हिमालयन सुचवली असती.

गाडी बघायला सकाळी जा, आणि चावी लावायच्या आधी इंजिनवर हात ठेव. गरम लागलं तर मालकाने आधीच चालू करून ठेवलीय. मी एकदा संध्याकाळी तापलेली गाडी पाहून सौदा केला; डिसेंबरच्या थंडीत ती चालू व्हायला रोज वीस मिनिटं रडवायची.

मग गाडी मधल्या स्टँडवर घे, पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरव. मधोमध खटकन अडकलं तर हँडलचं बेअरिंग गेलंय. फोर्कच्या, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या, नळ्यांवर तेलाचा ओघळ, चेनच्या चक्राचे दात एका बाजूला झुकलेले, हे खर्च किमतीतून वळते कर. टायरवरचे चार आकडेही वाच: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. असा जुना टायर घेऊन दोघांनी कसारा घाट उतरू नका रे, कितीही नक्षी शिल्लक दिसली तरी.

आरसीवर बँकेचा बोजा असेल तर आधी बँकेची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, मगच पैसे. आणि बजेटातले पंधरा हजार टायर-ब्रेकसाठी बाजूला ठेवच.