१:४३ मापाच्या, म्हणजे खऱ्याच्या त्रेचाळीसाव्या हिश्श्याएवढ्या, काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीच्या मॉडेलभोवती मुंबईच्या गिरगावातली गल्ली उभी करायची आहे. बाजारात स्ट्रीट ॲक्सेसरी किट (रस्त्यावरच्या छोट्या सामानाचे जोडायचे संच) दिसतात ती १:३५ ची. घ्यावं का?

घ्या, पण एकच घ्या आणि त्यातलं निम्मं सामान वापरता येणार नाही हे धरून घ्या.

आधी मापाचं बघू. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा बुरुजाएवढा असला तरी कुणाला खटकत नाही, पण टॅक्सीच्या शेजारी खटकतं. साडेपाच फुटी माणूस १:४३ मध्ये ३९ मिलिमीटर भरतो, १:३५ मध्ये ४८. तो ४८ वाला तुमच्या पद्मिनीपाशी उभा केलात तर पावणेसात फुटी दिसेल. म्हणून १:३५ ची माणसं, खुर्च्या, सायकली, दारं अजिबात नकोत; त्यांचं माप आपल्या डोळ्यांत इतकं बसलेलं असतं की फरक लगेच कळतो. खोकी, पिंपं, कुंड्या, गोणी, पाइप मात्र खऱ्या रस्त्यावरही लहानमोठे असतातच. ते खुशाल वापरा.

नेमक्या मापाचं तयार सामान हवं असेल तर शोधताना ‘डायोरामा’ (छोट्या मापातला देखावा) ऐवजी ‘ओ गेज’ या मापाच्या मॉडेल रेल्वेचं सामान शोधा. ब्रिटिश ओ गेज फुटाला ७ मिलिमीटर, म्हणजे १:४३.५, तुमच्या गाडीला अगदी जुळतं. जर्मन ओ गेज मात्र १:४५ आणि अमेरिकन १:४८ असतं, तेवढं खोक्यावर वाचून घ्या.

आता किटमध्ये काय असतं ते. १:३५ हे मुळात रणगाड्यांच्या मॉडेलांचं माप, त्यामुळे मिनिआर्टसारख्या कंपन्यांच्या किटमधला रस्ता बहुतेक युद्धकाळातल्या युरोपचा असतो. नक्षीदार दिवे, जाहिराती चिकटवायचे गोल खांब, लोखंडी बाकं. गिरगावात त्यांचं काम नाही. माझा नियम असा, की जे ओतीव, गोल किंवा एकसारखं वीस वेळा लागणारं आहे ते किटमधून घ्यायचं: गटाराच्या जाळ्या, पन्हाळीचे पाइप, त्यांचे सांधे, कठड्याचे गज. सपाट असेल ते हाताने करायचं. फुटपाथची कड १५ सेंटीमीटर धरली तर साडेतीन मिलिमीटर, नऊ इंची वीट सव्वापाच मिलिमीटर. सनबोर्डवर (फोमच्या सपाट शीटवर) पट्टी ठेवून बोथट टोकाने रेघा ओढल्या की झालं.

पण किटपेक्षा मोठा प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही: साल कुठलं? पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचं. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २००३ ची, आणि वीस वर्षांची मर्यादा संपून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. एवढ्या काळात गल्ली पार बदलली. मी माझ्या गल्लीसाठी १९८६ धरलं, आणि त्या एका निर्णयाने अर्धं सामान आपोआप ठरलं. फुटपाथला शहाबादी फरशी, पेव्हर ब्लॉक नाहीत. छपरावर टीव्हीचे ॲण्टेना, डिश नाहीत. दुकानांच्या पाट्या पेण्टरने हाताने रंगवलेल्या, फ्लेक्स नाही. पाटीच्या खाली बारीक अक्षरांत ‘मुंबई ४’. ही पाटी मी साध्या कागदावर छापली, मागून घासून पातळ केली आणि लावली. बघायला आलेल्या माझ्या मावशीने आधी तीच वाचली. साल ठरवलं नाहीत तर एकाच भिंतीवर वेगवेगळी दशकं लटकतील. टॅक्सीचा मीटरही विसरू नका. जुना यांत्रिक मीटर डाव्या अंगाला, गाडीच्या बाहेर असायचा.

मुंबईचं म्हणून जे ओळखू येतं ते कुठल्याच किटमध्ये मिळत नाही, आणि तिथेच खरा वेळ द्यावा. गॅलरीत वाळत घातलेले कपडे टिश्यू पेपरचे, पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून दोरीवर टाकायचे. ओले असतानाच चिमट्याने चुण्या पाडा, वाळल्यावर मोडतात. वायरींसाठी दोरा वापरू नका, त्याचे तंतू या मापात केसांसारखे दिसतात. किटची जी प्लॅस्टिकची चौकट उरते ती मेणबत्तीच्या वर, ज्योतीला न लावता फिरवा आणि मऊ झाली की सावकाश ओढा. केसाएवढी तार निघते. तांब्याची बारीक तार हवी असेल तर मुंबईत लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात मिळते. रंग करताना परदेशी व्हिडिओतला तपकिरी धुरळा जसाच्या तसा उचलू नका. आपल्या भिंतींवर पावसाचे काळे-हिरवे ओघळ असतात, तेही पन्हाळी जिथे गळते तिथूनच सुरू होणारे. जिन्याच्या कोपऱ्यात पानाचे डाग. आणि पाइपाच्या सांध्यातून फुटलेलं पिंपळाचं रोप. ते एक केलंत की बघणाऱ्याला गाव सांगावं लागत नाही.

चिकटवण्याचं थोडक्यात: पॉलिस्टायरीनच्या किटला प्लॅस्टिक सिमेंट, रेझिन किंवा थ्रीडी प्रिंटला सुपरग्लू. रेझिन घासायचं ते पाण्यात आणि मास्क लावून, भुकटी छातीत जाता कामा नये.

पायासाठी एमडीएफ घेत असाल तर दोन्ही बाजूंनी आणि कडांनाही वॉर्निश द्या. माझा पहिला पाया वरूनच रंगवलेला होता. जुलैत दमट हवेने खालून ओल धरली, पाया वाकला आणि चाळीचा दर्शनी भाग फुटपाथपासून दोन मिलिमीटर सुटला. स्प्रेचा रंगही पावसाळ्यात पांढरट पडतो. त्या महिन्यांत पाट्या लिहा, कपडे करा, आणि फवारणी दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेसाठी ठेवा.