चर्चला जा, पण हजेरीसाठी नको

सलाम बेटा,

तुझा मेसेज वाचला. पुण्यात शिफ्टची नोकरी, रविवारी सुट्टी मिळत नाही, मिळाली तर झोप काढायची असते, उपासना यूट्यूबवर पाहून घेतो म्हणतोस, वरून विचारतोस की चर्चला गेलंच पाहिजे असं कुठं लिहिलंय का. लिहिलंय ना, बायबलात, इब्री लोकांस पत्र १०:२५, एकत्र मिळणं सोडू नका. पण वचन तिथं थांबत नाही, एकमेकांना बोध करावा असंही म्हणते, अन् ते एकट्यानं मोबाईल पाहून कसं जमेल ते तूच सांग.

काम होतं म्हणून रविवार चुकला तर मनाला लावून घेऊ नको. ३२१ साली कॉन्स्टंटाईन बादशहानं रविवारच्या सुट्टीचा हुकूम काढला, शहरातली कोर्टं अन् कारागिरांची कामं बंद ठेवा म्हणून, पण शेतकऱ्यांना त्यातच मोकळीक दिली, कारण पेरणीचा दिवस गेला की गेला. आपल्याकडं काय वेगळं आहे बाप्पा, पाऊस होऊन वाफसा आला की अर्धी मंडळी वावरात, कापूस वेचणीत बाया रविवारीही मजुरीला जातात, म्हणून तर त्या दिवसांत आपण उपासना संध्याकाळी ठेवतो.

जबरदस्तीही करून पाहिली लोकांनी. इंग्लंडमध्ये १५५९ च्या कायद्यानं रविवारी चर्चला न जाणाऱ्याला १२ पेन्स दंड होता, १५८१ मध्ये तो महिन्याला २० पौंड केला, तेवढी तर तेव्हाच्या मजुराची वर्षाची कमाई नव्हती. अन् १८५१ मध्ये तिथंच एका रविवारी मोजणी केली तर लाखो लोक कुठल्याच चर्चला गेले नव्हते, मोठ्या शहरातले कामगार त्यात खूप. अमेरिकेत गॅलपच्या सर्व्हेत १९९९ ला ७० टक्के लोक कुठल्या ना कुठल्या प्रार्थनास्थळाचे मेंबर होते, २०२० ला ४७. मला या आकड्यांपेक्षा आपलं चर्च महत्त्वाचं वाटते, चाळीस-पन्नास माणसांचं, इथं एक पोरगा कमी झाला की लगेच दिसते.

तू मागच्या बाकावर आजीजवळ बसायचा. त्यांना वाचता येत नाही. पाळक साहेबांनी गीताचा नंबर सांगितला की तू पुढची ओळ हळूच त्यांच्या कानात सांगायचा, मग त्या मोठ्यानं म्हणायच्या. आता त्या ध्रुवपदापुरतं गातात, कडवं आलं की नुसते टाळ वाजवतात. हे काम यूट्यूब नाही करू शकत. लॉकडाऊनमध्ये त्यानं आपल्याला सांभाळलं, खाटेवरच्या आजारी माणसाला आजही त्याचा आधार आहे, मी नावं ठेवत नाही, पण तिथं तू नाही आला तर कळते कोणाला?

पुण्यात मराठी उपासना होणारी चर्चेस आहेत, शिफ्ट बघून एक धर. लहान धर, जिथं पाळक तुला लवकरच नावानं हाक मारतील. संदेश संपला की लगेच हेल्मेट घालून निघू नको, थांब, बोल, खुर्च्या उचलायला हात लाव. महिन्यातून दोनदा जमलं तरी चालते, फक्त ते दोन रविवार ठरलेले असू दे म्हणजे कोणीतरी तुझी वाट पाहील.

अन् नाताळच्या सुट्टीचा अर्ज आत्ताच टाक, कॅरलला पेटी वाजवणारं इकडं कोणी नाही.