सोल्डर केलंय की स्लॉटमधे आहे? लॅपटॉपच्या आतले प्रश्न

यावेळी सगळे प्रश्न लॅपटॉपच्या आतल्या भागांबद्दलचेच घेतलेत. पत्रं भरपूर आली, सारखे प्रश्न एकत्र केलेत, तेव्हा आपलं नाव-गाव दिसलं नाही म्हणून कुणी रागावू नका.

प्रश्न : नमस्कार दादा, मुलगा यंदा डिप्लोमाला गेलाय. घरात २०१८ चा लॅपटॉप आहे, कोअर आय५-८२५०यू, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क. चालू करून चहा टाकला तर चहा होतो पण विंडोज काही येत नाही. दुकानदार म्हणतो प्रोसेसर जुना झाला, बदलून देतो. बदलावा का? – एक वाचक, बार्शी

बदलणार कसा ते आधी विचारा त्याला! तुमचा प्रोसेसर मदरबोर्डला (आतल्या मुख्य पाटीला) सोल्डर केलेला, म्हणजे डाग देऊन कायमचा जोडलेला आहे, त्याच्या खाली सोल्डरचे बारीक बारीक १३५६ गोळे आहेत आणि ते सगळे बोर्डला चिकटलेत. २०१३-१४ पर्यंत बऱ्याच लॅपटॉपमधे प्रोसेसरला सॉकेट यायचं, स्क्रू ड्रायव्हरने एक अर्धा फेरा दिला की प्रोसेसर हातात. इंटेलच्या चौथ्या पिढीनंतर ते बंदच झालं (डेस्कटॉपचा प्रोसेसर घातलेले काही जाडजूड गेमिंग लॅपटॉप सोडा, ते वेगळं प्रकरण). म्हणजे प्रोसेसर बदलतो म्हणणारा एकतर अख्खा बोर्ड बदलणार, नाहीतर काहीच न बदलता बिल देणार.

आणि मुळात तुमचा प्रोसेसर वाईट नाहीये हो. ४ कोअर (काम करणारे भाग), ८ थ्रेड (एकावेळी चालणारी कामं) आहेत त्याला. त्याच्या आधीच्या पिढीत याच वर्गातल्या आय५ ला २ कोअर यायचे, म्हणजे तुम्ही नशिबाने बरोबर वेळेला घेतलात. डिप्लोमाच्या कामाला अजून आरामात चालेल.

आता असं करा, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्समधे जा आणि लॅपटॉप अडकतो तेव्हा काय दिसतं ते बघा. माझी पैज आहे की डिस्क १०० टक्के असणार आणि सीपीयू १०-१५ टक्क्यांवर निवांत बसलेला असणार. लॅपटॉपची हार्ड डिस्क बहुतेक ५४०० आरपीएमची असते, म्हणजे सेकंदाला ९० फेरे, आणि हवी ती फाइल शोधायला आतली सुई एका जागेवरून दुसऱ्या जागेवर न्यायची, मग डिस्क फिरून ती जागा सुईखाली यायची वाट बघायची, यात प्रत्येक वेळेला १०-१५ मिलिसेकंद तरी जातात. विंडोज चालू होताना हजारो छोट्या छोट्या फाइली वाचतं, आता तुम्हीच हिशोब करा. एसएसडीमधे, म्हणजे चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कमधे, फिरणारं काही नाहीच, तिथे हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास होतं. जाहिरातीत जे ५५० एमबी आणि ३५०० एमबी प्रतिसेकंदचे आकडे असतात ते मोठी फाइल सलग वाचतानाचे, ते चांगलेच आहेत, पण रोजच्या वापरात जाणवतो तो हा शोधण्याचा वेळ.

वर ४ जीबी रॅम. ती भरली की विंडोज उरलेला पसारा डिस्कवर टाकतं, म्हणजे आधीच मेलेल्या हार्ड डिस्कवर अजून ओझं. म्हणून दोन्ही करा, एसएसडी आणि रॅम.

एसएसडी घेताना मात्र जरा बघून. २.५ इंची साटा (हार्ड डिस्कचंच जुनं कनेक्शन) एसएसडी घेतली तर ती जुन्या हार्ड डिस्कच्या जागी सरळ बसते, काही विचारच नको. तुमच्या बोर्डवर एम-डॉट-टू स्लॉट (कार्डासारख्या एसएसडीची खाचणी) असेल तर त्यात फक्त साटा चालते की एनव्हीएमई, म्हणजे जास्त वेगाचा प्रकारपण चालते ते मॉडेलच्या मॅन्युअलमधे बघितल्याशिवाय कार्ड घेऊ नका, कारण दोन्ही कार्डं दिसायला जुळी भावंडं, २२ मिमी रुंद ८० मिमी लांब. दोन खाचा असलेलं कार्ड बहुतेक वेळा साटाचं आणि एक खाच असलेलं बहुतेक वेळा एनव्हीएमईचं, पण "बहुतेक"वर पैसे घालू नये.

रॅमचं टास्क मॅनेजरमधेच मेमरीखाली दिसतं, किती स्लॉट आणि किती वापरलेत ते. दोन स्लॉट असतील तर दोन सारख्या काड्या घाला, ४ अधिक ४ किंवा ८ अधिक ८. एका काडीवर प्रोसेसर ६४ बिटच्या एकाच रस्त्याने मेमरीशी बोलतो, दोन घातल्या की दोन रस्ते, डीडीआर४-२४०० या जातीच्या रॅमला १९.२ चे थेट ३८.४ जीबी प्रतिसेकंद. तुमच्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर स्क्रीनचं कामही याच रॅममधून होतं, त्यामुळे फरक पडतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, पण तुमचा प्रोसेसर आठव्या पिढीचा असल्याने ११ च्या यादीत बसतो, बायोसमधे (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमधे) टीपीएम नावाची सुरक्षेची सोय चालू आहे का तेवढं बघा. आणि जुनी हार्ड डिस्क दुकानात सोडून येऊ नका, यूएसबी केसमधे घालून लग्नाचे-बारशाचे फोटो ठेवायला वापरा.

प्रश्न : नवीन लॅपटॉप बघतेय. जो आवडतो त्यात रॅम "ऑनबोर्ड, वाढवता येणार नाही" असं लिहिलेलं असतं. ही कंपन्यांची लबाडी आहे का? – एक वाचिका, पुणे

अर्धी लबाडी, अर्धं फिजिक्स.

फिजिक्स असं की पातळ लॅपटॉपमधे जी एलपीडीडीआर जातीची मेमरी असते ती कमी व्होल्टेजवर, जास्त वेगाने चालते आणि लॅपटॉप झोपलेला असताना अगदी थोडी वीज खाते. पण त्यासाठी प्रोसेसर ते मेमरी ही तांब्याची वाट शक्य तितकी आखूड लागते, मधे स्लॉटचा कनेक्टर आला की सिग्नल बिघडतो. मेमरी कंट्रोलर आता प्रोसेसरच्या आतच असतो (एएमडीने २००३ ला आणला, इंटेलने २००८ ला), म्हणून मेमरीच्या चिप प्रोसेसरच्या अगदी अंगाला लावलेल्या दिसतात. ॲपलने २०२० च्या एम१ पासून तर मेमरी प्रोसेसरच्या पॅकेजवरच बसवली.

लबाडी अशी की एकदा सोल्डर केलं की वाढीव रॅमचा भाव कंपनी ठरवेल तो, आणि तीन वर्षांनी कमी पडली की तुम्ही नवीन लॅपटॉपच घेणार. काढता-घालता येणारी मेमरी देऊन हे करता येत नाही असंही आता राहिलेलं नाही. डिसेंबर २०२३ ला जेडेकने (मेमरीची स्टँडर्ड ठरवणारी संस्था) कॅम२ नावाचं स्टँडर्ड काढलं, त्यात एलपीडीडीआरची छोटी पाटी बोर्डवर आडवी ठेवून स्क्रूने घट्ट करायची, आणि २०२४ ला लेनोवोच्या थिंकपॅड पी१ मधे ती आलीसुद्धा. पण महाग मॉडेल सोडली तर अजून सगळीकडे दिसत नाही.

ताई, नियम सोपा ठेवा, रॅम सोल्डर केलेली असेल तर आज लागते त्यापेक्षा एक पायरी वरची घ्या. ८ जीबी सोल्डर केलेला लॅपटॉप आज कितीही स्वस्त मिळाला तरी मी तर घेणार नाही. स्टोरेजही बोर्डवरच असेल (मॅकबुकमधे असतं) तर बॅकअप पहिल्या दिवसापासून, कारण बोर्ड गेला की डेटाही गेला.

प्रश्न : गेमिंगचा लॅपटॉप आहे. पहिल्या वर्षी मस्त चालायचा, आता दहा मिनिटात पंखा विमानासारखा ओरडतो आणि गेम अडकायला लागते. व्हायरस असेल का? – एक कॉलेजकुमार, चिपळूण

व्हायरस नाही रे, धूळ. तुझा प्रोसेसर एच सिरीजचा, म्हणजे जास्त ताकदीचा असणार, ४५ वॅटचा, शिवाय ग्राफिक्स चिप वेगळी. ही सगळी उष्णता बाहेर काढते ती तांब्याची चपटी नळी. ती भरीव नसते बरं का, आतून पोकळ आणि हवा काढलेली, आत अगदी थोडं पाणी. हवाच नसल्याने ते पाणी कमी तापमानालाच उकळतं, वाफ पंख्याकडच्या थंड टोकाला जाते, तिथे पाणी होऊन नळीच्या आतल्या जाळीतून परत येतं. म्हणून ती नळी दाबायची, वाकवायची नाही, चीर गेली की संपली.

आता पंखा उघडलास की पंख्यात फारसं काही दिसणार नाही. पंखा आणि तांब्याच्या पातळ पात्यांच्या मधे बघ, तिथे धूळ, केस, चादरीचे धागे याचा करडा थर बसलेला असतो, चिमट्याने धरला तर अख्खा पट्टा उचलून येतो, गादीतल्या कापसासारखा. हवा जाणार कुठून? मग तापमान १०० अंशाला टेकतं आणि प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, तुला ते गेम अडकणं म्हणून दिसतं. बाहेरून फुंकर मारून हा पट्टा निघत नाही, आत अजून घट्ट बसतो. ब्लोअर मारणार असशील तर लॅपटॉप बंद, आणि पंख्याची पाती बोटाने धरून ठेव, नाहीतर तो नको तेवढ्या जोरात फिरून बेअरिंग जातं. थर्मल पेस्टही (चिपची उष्णता नळीकडे पोचवणारा लेप) त्याचवेळी बदलून घे. आणि गादीवर ठेवून खेळणं बंद कर, हवा आत घ्यायची भोकं खालच्या बाजूला असतात.

प्रश्न : लॅपटॉप अचानक बंद पडला. चार्जर लावला तरी लाइट नाही, काहीच नाही. एका ठिकाणी दाखवला तर न उघडताच "मदरबोर्ड गेला, नवीन टाकावा लागेल" म्हणाले. – एक शिक्षक, परभणी

सर, न उघडता मदरबोर्ड गेला हे कुणालाच कळत नाही.

आधी घरचे उपाय. चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, पॉवरचं बटण ३०-४० सेकंद दाबून धरा, मग फक्त चार्जर लावून बघा. हा टोटका नाही. बोर्डवर एम्बेडेड कंट्रोलर नावाची एक छोटी चिप असते, पॉवर बटण, चार्जिंग, पंखा आणि बऱ्याचदा कीबोर्ड तिच्या ताब्यात, आणि लॅपटॉप बंद असला तरी ही जागीच असते. कधीकधी तीच अडकून बसते आणि वीज पूर्ण तोडल्याशिवाय ठिकाणावर येत नाही. दुसरं, चार्जर तपासा, बहुतेक १९ किंवा १९.५ व्होल्टचा असेल. काही कंपन्यांच्या चार्जरला मधे बारीक पिन असते, तिच्यातून लॅपटॉप चार्जरची ओळख पटवतो. ती मोडली की लॅपटॉप चालतो पण बॅटरी चार्ज होत नाही, ते वेगळं दुखणं.

याने झालं नाही तर चिप-लेव्हल, म्हणजे बोर्डवरचा एकेक भाग दुरुस्त करणारा माणूस गाठा. चार्जरचे १९ व्होल्ट आत आले की आधी ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइन तयार होतात, त्यावर कंट्रोलर जागा होतो, बटण दाबलं की तो एकेक लाइन ठरलेल्या क्रमाने चालू करवतो आणि प्रोसेसरचा साधारण १ व्होल्ट शेवटी शेवटी येतो. साखळी कुठे तुटली ते मल्टिमीटरवर सापडतं, आणि पुष्कळदा दोषी निघतो तो तांदळाच्या दाण्याहून लहान एखादा शॉर्ट झालेला कपॅसिटर. तो शोधायची पद्धत बघण्यासारखी असते, बोर्डवर आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावतात, शॉर्ट असलेल्या लाइनवर कमी व्होल्टेज सोडतात आणि जिथलं अल्कोहोल सगळ्यात आधी उडून जातं तो भाग गरम, म्हणजे तोच चोर. त्या भागाची किंमत काही रुपये, मजुरी मात्र द्या हो नीट, ती नजर सोपी नसते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला असे कारागीर मिळतात, पण परभणीतही असतील, मोबाइलचे बोर्ड दुरुस्त करणाऱ्यांना विचारा.

प्रश्न : एएमडीच्या लॅपटॉपमधे वायफाय कार्ड बदललं, इंटेल एएक्स२०१ घातलं, पण दिसतच नाही. – एक वाचक, डोंबिवली

दिसणार नाही. एएक्स२०१ हे अर्धंच कार्ड आहे, उरलेला अर्धा भाग इंटेलच्या प्रोसेसर-चिपसेटमधे असतो. दुकानदाराकडून एएक्स२०० करून घ्या, ते पूर्ण आहे, आणि अँटेनाच्या दोन वायरी कार्डावर टक् आवाज येईपर्यंत बसवा.

प्रश्न : टचपॅडचं क्लिक दाबलं जात नाही, मधे जरा वर आल्यासारखं वाटतंय. – एक वाचिका, बेळगाव

टचपॅड ठीक आहे, त्याच्या खालची बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, आजच दुकानात न्या. टाचणीने हवा काढायचा प्रयत्न अजिबात करू नका, लिथियमची बॅटरी भोसकली की पेट घेते. जुनी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही, ई-वेस्ट घेणाऱ्याकडे द्यायची.