बाल्कनीला तडे : चूक कन्सल्टंटची की ठेकेदाराची?

प्रश्न : आमच्या इमारतीचा ताबा मिळून तीन वर्षे झाली. काही बाल्कन्यांना भिंतीलगत वरच्या बाजूने तडे गेले असून त्या पुढे झुकल्यासारख्या दिसतात. बिल्डर आरसीसी कन्सल्टंटच्या (इमारतीच्या काँक्रीट-सळईच्या सांगाड्याचे डिझाइन करणाऱ्या अभियंत्याच्या) डिझाइनला दोष देतो, तर कन्सल्टंट म्हणतात की ठेकेदाराने नकाशाप्रमाणे काम केले नाही. आम्ही दाद कोणाकडे मागावी?
– गृहनिर्माण संस्थेचे सचिव, डोंबिवली

उत्तर : बिल्डरकडे. चूक कोणाची हे त्या तिघांत ठरेपर्यंत थांबू नका. तुमचा प्रकल्प रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्याखाली नोंदलेला असेल, तर त्याच्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत निदर्शनास आणलेला बांधकामातील दोष ३० दिवसांत स्वखर्चाने दूर करणे हे प्रवर्तकाचे, म्हणजे बिल्डरचे कर्तव्य आहे आणि तसे न केल्यास तुम्हाला नुकसानभरपाई मागता येते. दोष डिझाइनचा की कारागिरीचा, यावर ही जबाबदारी अवलंबून नाही. कन्सल्टंट आणि ठेकेदार बिल्डरने नेमले होते. त्यांच्याकडून त्याने काय वसूल करायचे, हा त्यांच्या आपसातील करारांचा प्रश्न आहे. मात्र तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या, कारण ५ वर्षांची मुदत दोष कळवण्यासाठी आहे.

तरीही कारण शोधावेच लागेल, नाहीतर दुरुस्तीही चुकीची होईल. एका टोकाला आधार असलेल्या बाल्कनीत ताण वरच्या थरात येतो, म्हणून मुख्य सळई वर असावी लागते. काँक्रीट ओतताना मजूर सळईवरून चालतात; सळई वर उचलून धरणाऱ्या आधारांच्या (‘खुर्च्यां’च्या) संख्येत कमतरता असेल तर ती दबून स्लॅबच्या मध्यावर जाते आणि नकाशा बिनचूक असूनही बाल्कनी कमकुवत होते. ही कामाची आणि देखरेखीची चूक. उलट सळई जागेवर आहे, पण नकाशातच ती कमी जाडीची किंवा भिंतीपलीकडे अपुऱ्या लांबीची दाखवली असेल, तर चूक डिझाइनची. जागेवर सळईची खोली मोजून ती मंजूर आरसीसी नकाशाशी ताडली की बराच उलगडा होतो.

पुष्कळदा दोन्ही चुका एकत्र सापडतात. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे १७ जुलै १९८१ रोजी एका हॉटेलमधील टांगते पादचारी पूल कोसळून ११४ माणसे मृत्युमुखी पडली. मूळ आराखड्यात एकाखाली एक असलेले दोन्ही पूल एकाच लांब सळईला टांगलेले होते. पोलादकाम करणाऱ्यांच्या सोयीसाठी तिचे दोन तुकडे झाले, त्यामुळे खालचा पूल वरच्या पुलालाच टांगला गेला आणि वरच्या पुलाच्या जोडावर दुप्पट भार आला. तो जोड मूळ आराखड्यातही नियमापेक्षा कमजोरच होता. जोडांचे डिझाइन पोलादकाम करणाऱ्यांनी करायचे असते, हा अभियंत्यांचा बचाव मान्य झाला नाही आणि त्यांचे मिसुरीतील परवाने रद्द झाले. बदललेल्या नकाशांवर त्यांचाच शिक्का होता, आणि माझ्या मते शिक्क्याला अर्थ असायचा तर दुसरा निर्णय शक्यच नव्हता. तुमच्या कन्सल्टंटनीही स्लॅब भरण्यापूर्वी सळई तपासल्याची नोंद केली आहे का, हे जरूर विचारा.

आज मात्र त्या बाल्कन्यांचा वापर बंद करा, खाली टेकू लावा आणि स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्या. तड्यांची तारखेसह छायाचित्रे आणि मोजमाप झाल्याशिवाय बिल्डरच्या माणसांना त्यावर प्लास्टर करू देऊ नका.