होस्टेलात नवा आहेस? आधी एवढंच कर

होस्टेलातली पोरं तुझ्या मालवणी बोलण्यावरून चिडवतात, हे तू लिहिलेलं वाचलं रे. मीही वेंगुर्ल्याहून रत्नागिरीत शिकायला आलो, तेव्हा तोंडातून 'खंय' (म्हणजे 'कुठे') निघालं की खोलीभर पोरं खिदळायची.

सुरुवातीला बहुतेकांची चूक एकच. 'मी असाच बावळट, ती पोरं कायमची नालायक' असं ठरवून टाकायचं. मग उरतं कुढणं, नाहीतर एक दिवस अंगावर धावून जाणं. मी धावून गेलो. शिक्षा मलाच झाली. माणसाचा स्वभाव बदलू शकतो हे शिकलेली मुलं त्रास झाल्यावर सूडाने कमी पेटतात, असं डेव्हिड येगर, कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांच्या २०१३ च्या अभ्यासात दिसलं. बदलू शकतो म्हणजे तू माफ करून टाक, असं नव्हे हां!

- मालवणी सोडू नकोस. लपवलीस की त्यांना कळतं कुठे दुखतं ते.
- मेसमध्ये एकटा जेवू नकोस. एक सोबती पुरतो.
- तारीख, वेळ, कोण होतं, वहीत लिही.

हात उचलला किंवा पैसे मागितले, तर हे स्वभावाचं वगैरे बाजूला. त्याच दिवशी रेक्टरना सांग. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. अठराच्या आतला असशील तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन लाव. टोमण्याला टोमणा कसा मारायचा, ते दिवाळीनंतर बघू.