एक कान रस्त्याला

मागच्या अंकात मी धावताना कानात काय घालतो, असं एका वाचकाने विचारलं होतं. जागा संपली म्हणून उत्तर पुढच्या वेळी देतो म्हणालो, तर तेवढ्यात त्याच विषयावर आणखी पत्रं आली. म्हणून हा सगळा अंक कानाचा.

नव्या वाचकांसाठी : मी गिरगावचा. लॅमिंग्टन रोडवर (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण तसं कोण म्हणतं?) एकतीस वर्षं टेपरेकॉर्डर, वॉकमन, हेडफोन उघडून बसलो. आता दुकान भाचा बघतो आणि मी सकाळी चौपाटीपासून नरिमन पॉइंटपर्यंत पळत जाऊन परत येतो. डॉक्टरी प्रश्न मला विचारू नका. वायर आणि घाम, एवढंच मला कळतं.

पहिलं पत्र : मी ४६ वर्षांची, मुलुंडला राहते. चार महिने पहाटे धावते. अंगात कुर्ता आणि ट्रॅकपँट, खिसा एकालाही धड नाही. मोबाइल हातात धरला की खांदा आखडतो. दंडाला बांधायचा पट्टा आणला, तर तो घसरत कोपरापर्यंत येतो. घरी ठेवून जायची भीती वाटते. शिवाय लॅच की. कुठे ठेवू हे सगळं?

ताई, मोबाइल घरी ठेवू नका. पहाटेच्या अंधारात बाईमाणसाने (आणि साठीच्या बाप्यानेही) तो जवळ ठेवावा. त्यातली गाणी नंतरची गोष्ट.

दंडाचा पट्टा निघाला तेव्हा गाण्याचं यंत्र काड्यापेटीएवढं होतं. आजचा मोबाइल कव्हरसकट दोनशे ग्रॅमच्या वर भरतो. हात प्रत्येक पावलाला झुलतो, म्हणजे ते वजन तुम्ही झोक्यावर बसवलंत. घाम आला की पट्टा सैल, आवळला की बोटांना मुंग्या. पट्टा बदलून काही होणार नाही, ती जागाच चुकीची आहे.

वजन कमरेला न्या. पण फेरीवाल्याकडच्या पैशाच्या पिशवीसारखी, पुढे लोंबणारी पिशवी नको, ती पोटावर आपटत राहते. ताणला जाणारा, नळीसारखा कापडी कंबरपट्टा मिळतो, तो घ्या. तो बेंबीवर बांधू नका, खाली कमरेच्या हाडांवर बसू द्या आणि मोबाइल मागे, पाठीच्या खोलगट भागात सरकवा. घ्यायच्या आधी दुकानातच मोबाइल घालून वीस उड्या मारा. दुकानदार बघत राहील, बघू दे. उड्या मारताना तुमचा हात एकदाही पट्ट्याकडे गेला तर तो पट्टा परत द्या. माझी सगळी परीक्षा एवढीच : धावताना ज्या वस्तूकडे हात जातो ती वस्तू चुकीची.

पट्टा नको असेल तर गल्लीतल्या शिंप्याला ट्रॅकपँटच्या कमरेला, मागच्या बाजूला, आतून खिसा शिवायला सांगा. तोंड वरून झाकणारं हवं. आमच्या शेजारच्या वहिनींनी जुन्या बनियनच्या कापडाचा घरीच शिवला आणि तीन वर्षं तोच वापरतायत.

किल्ली मोबाइलजवळ ठेवू नका, काचेवर ओरखडे येतात. बुटाची नाडी सोडून किल्ली त्यात ओवा, वर दुहेरी गाठ मारा, वाजत असेल तर एक रबर गुंडाळा. आणि प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत शंभराची नोट आणि नाव, रक्तगट, घरच्यांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. पाय मुरगळला तर रिक्षावाला गाण्यांची यादी बघून घरी सोडत नाही.

ब्लूटूथबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढच्या महिन्यात विचाराल : घरात छान चालतं आणि मोकळ्या रस्त्यावर आवाज का तुटतो? कारण ब्लूटूथच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि आपलं शरीर बरंचसं पाणीच आहे. घरात त्या भिंतींवर आदळून, वळसा घालून कानापर्यंत पोचतात. मरीन ड्राइव्हला एका बाजूला समुद्र, भिंत कुठली! मोबाइल डाव्या कुशीला आणि आवाज पकडणारा इअरफोन उजव्या कानात असला की मध्ये तुम्ही स्वतःच आडव्या. मोबाइल कमरेच्या दुसऱ्या बाजूला सरकवून बघा.

वर्षात तीन इअरफोन गेले. तिन्हींवर घामाला चालतील असं लिहिलं होतं. कंपन्या फसवतात का? — डोंबिवलीचा एक तरुण वाचक

अर्धं फसवतात, अर्धं आपण मारतो.

खोक्यावर आयपीएक्स४ असं काहीतरी असतं. चार म्हणजे कुठल्याही बाजूने पाणी उडालं तरी चालेल. सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. मधला एक्स म्हणजे धुळीची चाचणी नोंदवलेली नाही. आता मेख बघ : ही चाचणी साध्या पाण्याची असते, घाम खारट. मीठ तांब्याला काय करतं ते मी आयुष्यभर बघितलंय. जॅक उघडला की आत हिरवट-निळी बुरशीसारखी पूड, आणि सोल्डरचा टाका नखाने उचलला तरी सुटून येतो.

पण तुझे इअरफोन धावताना गेले नसतील, ते चार्जिंगच्या डबीत गेले असतील. तू धावून येतोस, ओले इअरफोन तसेच डबीत टाकतोस, झाकण टक् करून लावतोस आणि आंघोळीला जातोस. डबीत त्या दोन बारीक पिना चार्जिंगला टेकतात. मध्ये घामाचा थेंब आणि त्यातून वीज! शाळेत तांब्याचा मुलामा चढवायचा प्रयोग केला होतास ना, तोच इथे उलट्या दिशेने चालू होतो. भाच्याकडे आलेल्या दहातले सात डब्यांचे पेशंट असतात. हा आमच्या दुकानाचा हिशेब आहे, तू त्याला शास्त्र समजू नकोस.

तेव्हा घरी आल्यावर आधी इअरफोन कोरड्या सुती फडक्याने पूस, जाळी खाली करून पंख्याखाली अर्धा तास ठेव, मग डबीत घाल. जाळीवर मळ असेल तर जुना टूथब्रश, कोरडा, आणि तोही जाळी खाली धरून, म्हणजे कचरा आत न जाता बाहेर पडतो. सॅनिटायझर, अत्तर, केस वाळवायचं यंत्र काही नको. तांदळाच्या डब्यात तर मुळीच नको, पिठूळ धूळ भोकात जाते आणि वर आईची बोलणी.

वायरवाले वापरत असशील तर वायर नेहमी मानेशी तुटते, म्हणजे जॅकला जिथे चिकटते तिथे. मिनिटाला १६० पावलं धरली तर तासाला ९,६०० वेळा ती मान वाकते. एल आकाराचा जॅक घे, जवळ वायरचा एक सैल वेढा ठेव आणि वरची वायर कॉलरला चिमट्याने लाव. वायर शर्टावर घासली की कानात खरखर येते, तीही जाते.

दोन्ही कानांत इअरफोन घालून धावलं तर चालेल का? बोरिवलीला नॅशनल पार्कात धावतो, पण घरापासून पार्कपर्यंत रस्त्यावरून जावं लागतं.

पार्कात तुम्ही जाणा. पार्कापर्यंत मात्र एक कान रिकामा.

माझा अनुभव सांगतो. सहा वर्षांपूर्वी, साडेपाचची वेळ, कानात नाट्यसंगीत, तेही बाहेरचा आवाज मारणारे हेडफोन लावून. तान रंगली होती. चौपाटीच्या सिग्नलला उजवीकडे बघितलं, रस्ता रिकामा, उतरलो. डावीकडून, म्हणजे उलट्या दिशेने, पावाच्या लाद्या लावलेली सायकल आली. त्या पोराने घंटी वाजवली होती, ओरडलाही होता, नंतर त्यानेच सांगितलं. माझं मनगट मोडलं, त्याच्या लाद्या रस्त्यावर. सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये हात घेऊन दुकानात बसलो आणि लोकांचे हेडफोन डाव्या हाताने तपासले. चूक त्याची की माझी, यावर घरात अजून दोन पक्ष आहेत.

तेव्हापासून शहरही बदललंय. पूर्वी बेस्टची बस दोन स्टॉप आधी कळायची. आता विजेवरची बस मागे येऊन उभी राहिली तरी पत्ता लागत नाही, नुसती टायरची सळसळ. डिलिव्हरीच्या विजेच्या स्कूटरी तर त्याहून मुक्या. आणि कुत्री! भुंकणाऱ्या कुत्र्यापेक्षा, भुंकणं ऐकू न आल्यामुळे त्याच्या अंगावर जाणारा माणूस जास्त चावून घेतो.

रस्ता ज्या बाजूला असेल तो कान उघडा ठेवा, येताना बदला. कानाच्या पुढे, गालाच्या हाडावर टेकणारे हेडफोनही मिळतात. ते हाडातून कंप पोचवतात, कानाचं भोक मोकळं राहतं. बोलणं, कथाकथन त्यात छान लागतं, तबल्याचा बायाँ (डग्ग्याचा खर्ज) मात्र पोरका होतो. एक धोका आहे : गाडीच्या गोंगाटात ऐकू येईना म्हणून लोक आवाज चढवत नेतात आणि मोकळ्या कानाचा फायदा घालवतात. काही इअरफोनमध्ये बाहेरचा आवाज माइकमधून आत सोडायची सोय असते. आतल्या गल्लीत ठीक, पण समुद्राचा वारा त्या माइकवर आदळला की कानात गिरणी सुरू होते.

भोक घट्ट बुजवणारे रबरी बूच लावलेत तर स्वतःचीच पावलं डोक्यात धप्प-धप्प घुमतात. हाडांतून आलेला आवाज बाहेर पडायला वाट उरत नाही म्हणून ते होतं. यंत्र बिघडलेलं नसतं, ते परत करायला दुकानात येऊ नका.

आवाज किती, हेही सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आठवड्याला ४० तास ८० डेसिबलचा आहे. दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. ९० ला गेलात की आठवड्याचे जेमतेम चार तास उरतात, आणि लोकलमध्ये तुम्ही ते आधीच खर्च केलेले असतात.

मिनिटाला १८० पावलं पडली पाहिजेत म्हणून मी १८० ठोक्यांची गाणी शोधतोय. मराठीत मिळत नाहीत.

१८० चा आकडा आला कुठून? जॅक डॅनियल्स नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकाने १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये धावपटूंची पावलं मोजली, त्यात जवळजवळ सगळे १८० च्या वर निघाले. ते ऑलिंपिकचे धावपटू होते, शर्यतीत होते. तुम्ही आणि मी दूध आणायच्या आधी पळतो. १६०-१६५ पडत असतील तर काही बिघडलेलं नाही.

आधी मोजा. उजवं पाऊल तीस सेकंदांत किती वेळा पडतं ते बघा, त्याला चारने गुणा. आणि गाणं त्याच आकड्याचं कशाला? ऐंशी-पंच्याऐंशीच्या लयीचं घ्या आणि पाय दुगुणीत टाका, मात्रेला दोन पावलं. अशी मराठी गाणी ढिगाने आहेत. मी भजनी ठेक्यावर पळतो. वारीत माणसं टाळ-मृदंगावर वीस-वीस किलोमीटर चालतात, पायाला ठेका धरायला शिकवावं लागत नाही. सोपं धावताना संगीताने दम कमी लागल्यासारखा वाटतो हे खरं. पेडर रोडच्या चढावर मात्र छाती फुटायला आली की गाणं चालू आहे की बंद, हेही कळत नाही. चढाला मी बंदच करतो, उगाच बॅटरी का जाळा?

एकच सांभाळा : पहिलंच गाणं जलद लावू नका. पहिला किलोमीटर वेडा जातो आणि चौथ्याला बसावं लागतं.

शर्यतीत इअरफोन चालतात का?

बक्षिसासाठी धावणाऱ्यांना जागतिक अ‍ॅथलेटिक्सच्या नियमानुसार रेडिओ, मोबाइल असलं काही जवळ ठेवता येत नाही, ती बाहेरची मदत धरली जाते. बाकीच्यांनी आपापल्या शर्यतीचं नियमपत्रक वाचावं. मला विचाराल तर जानेवारीच्या आपल्या मॅरेथॉनमध्ये सकाळी सकाळी लोक रस्त्यावर येऊन थाळ्या वाजवतात, बिस्किटं देतात. ते सोडून काय ऐकणार?

कानात खाज येते. तेल घालू का?

नको. डॉक्टरकडे जा. पावसाळ्यात कानात बुरशी धरते आणि बूच लावून घाम आत कोंडला की तिचं फावतं. बरं होईपर्यंत कान मोकळे. रबरी बुचं साबणाने धुवून वाळवत जा, आणि नवरा-बायकोत सुद्धा एकमेकांचे इअरफोन घालू नका.

वडिलांचा जुना वॉकमन सापडलाय. दुरुस्त करून तोच घेऊन धावायची इच्छा आहे. वेडेपणा आहे का? — माहीमचा वाचक

वेडेपणा आहे, पण माझ्या पंथातला. आतला रबराचा बेल्ट चाळीस वर्षांत डांबरासारखा वितळलेला असेल. तो खरवडून काढा, स्पिरिटने चाकं पुसा, नवा बेल्ट टाका. चालेल. पण धावताना प्रत्येक हिसक्याला टेपचा वेग हलतो आणि गाणं दारू प्यायल्यासारखं लागतं. खिडकीत बसून ऐका.

आणि तो कुठला आहे ते बघा. सोनीचा अगदी पहिला, जुलै १९७९ चा, निळा-चंदेरी असेल तर वरच्या कडेला एक नारिंगी बटण सापडेल. ते दाबलं की गाणं हळू होतं आणि आतल्या माइकमधून समोरच्याचं बोलणं कानात येतं. तसा निघाला तर धावायला नाही, पण मला दाखवायला घेऊन या. चहा माझ्याकडून.